सिग्नलभंगाचा दंड आणि व्यावसायिक चालक

रिक्षा, टॅक्सी, ट्रक किंवा बस चालवून पोट भरणारा माणूस दंडाच्या धाकाने लाल दिव्यापाशी थांबतो का, हा प्रश्न खासगी मोटारवाल्याच्या प्रश्नाहून वेगळा आहे. मोटारवाल्याला दंड म्हणजे मनस्ताप. बिल्लाधारक चालकाच्या मात्र तो त्या दिवसाच्या धंद्यातून जातो.

सिग्नल पाळणे मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 119 नुसार बंधनकारक आहे. 2019 च्या दुरुस्तीने कलम 177 खालचा किरकोळ दंड 100 रुपयांवरून 500 वर नेला. गुन्हा पुन्हा घडल्यास 1,500. लाल दिवा तोडणे त्याच दुरुस्तीने कलम 184 च्या धोकादायक वाहन चालवण्यातही घातले गेले. त्यात 1,000 ते 5,000 रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. महाराष्ट्रात वाढीव दर डिसेंबर 2021 मध्ये आले. मुंबई महानगरात रिक्षाचे किमान भाडे फेब्रुवारी 2025 पासून 26 रुपये आहे. म्हणजे 500 रुपये फेडायला एकोणीस-वीस भाडी मारावी लागतात.

तरी सिग्नल तुटतातच. कारण दंड कधीतरी होतो, घाई रोजची असते. मीटरवरच्या रिक्षाला थांबल्या वेळेचेही थोडे पैसे मिळतात. शेअर रिक्षाची कमाई मात्र फेऱ्यांवर. म्हणून आकडे उलटे मोजणाऱ्या सिग्नलवर तीन-चार सेकंद उरले की शेअर रिक्षा झेब्रा पट्टे ओलांडून पुढे सरकलेल्या दिसतात. शिक्षेच्या जबरपणापेक्षा तिची खात्री अधिक परिणामकारक, असे इटालियन विचारवंत चेझारे बेकारिया याने 1764 मध्येच मांडले होते. चौकात ‘मामा’ उभा असेल तर गाडी थांबते, नसेल तर निघते, हा त्याचाच रोजचा पुरावा. तोडपाणी होण्याची शक्यता असेल, तर कागदावरचा आकडा कितीही वाढवा, चालक हिशेब तोडपाण्याचाच करतो.

ई-चलनाने पकडले जाण्याची शक्यता वाढवली, पण नवा घोळही घातला. कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, चालक दिसत नाही. चलनाचा संदेश जातो नोंदणीकृत मालकाच्या मोबाइलवर. भाड्याच्या रिक्षेवर किंवा शेठच्या ट्रकवर असलेल्या चालकाला ते कधी महिन्यांनी कळते, कधी पगारातून कापले गेल्यावर. तोवर तो चौक कोणता, हेही त्याला आठवत नाही. त्यात चलने थकवून लोकअदालतीत तडजोड करता येते, हे माहीत असल्याने तातडीने भरण्याची घाई कोणाला नसते. चलने तुंबली की वाद दंडाच्या रकमेचा होतो, सिग्नल बाजूला राहतो.

व्यावसायिक चालक खरा धसका घेतो तो वाहन चालवण्याचा परवाना निलंबित होण्याचा. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 मध्ये लाल दिवा तोडणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करण्यास राज्यांना सांगितले. तीन महिने चाक बंद म्हणजे घराचा हप्ता, गाडीचा हप्ता दोन्ही थकणार. पण निलंबनासाठी चालकाची ओळख पटावी लागते. कलम 133 नुसार ती माहिती देणे मालकाचे काम. ज्याच्याकडे दिवसपाळी-रातपाळीची वही नीट लिहिलेली असते, तो नाव सांगू शकतो. बाकीचे दंड भरून मोकळे होतात.