चिपचे लघुकरण

सिलिकॉनच्या चकतीवरील ट्रान्झिस्टर (वीजप्रवाह चालू-बंद करणारे सूक्ष्म स्विच) व त्यांना जोडणाऱ्या तारा पिढीगणिक बारीक करून तेवढ्याच जागेत अधिक मंडले बसवण्याची प्रक्रिया. इंटेल या अमेरिकी कंपनीच्या ४००४ (१९७१) या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या मोठ्या चिपवर ते हजारो कोटींत असतात.

पुढे इंटेलचे सहसंस्थापक झालेले गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये चिपवरील घटकांची ही संख्या दरवर्षी दुप्पट होईल असे मांडले व १९७५ मध्ये तो काळ दोन वर्षांवर आणला. अठरा महिन्यांचा आकडा सर्रास त्यांच्या नावावर सांगितला जातो. तो बहुधा इंटेलमधील डेव्हिड हाउस यांचा असून चिपच्या कामगिरीबद्दल होता. मूर यांचा भर मुळात दर घटकामागच्या खर्चावर होता. लघुकरणाची भौतिकी अभियंते रॉबर्ट डेनार्ड व सहकाऱ्यांच्या १९७४ च्या निबंधात आहे आणि आधार म्हणून तोच अधिक भक्कम ठरतो : लांबी, जाडी व व्होल्टता एकाच पटीत उतरवली, तर दर चौरस मिलिमीटरमागची उष्णता वाढत नाही. हे गणित साधारण २००५ च्या सुमारास मोडले. सामान्य तापमानाला गेटची (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या अग्राची) व्होल्टता ६० मिलिव्होल्टने उतरवली की प्रवाह फार तर दहापट घटतो. त्यामुळे व्होल्टता फार कमी ठेवली, तर बंद ट्रान्झिस्टरही गळत राहतो. शिवाय गेटखालचा विद्युतरोधक ऑक्साइडचा थर १.२ नॅनोमीटरवर, म्हणजे जेमतेम पाच अणुथरांवर आला की इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जातात. यावर २००७ मध्ये हाफ्नियमयुक्त जाड थर आला, पुढे चॅनेलला (प्रवाहाच्या वाटेला) तीन बाजूंनी आणि आता चारही बाजूंनी वेढणारा गेट.

‘३ नॅनोमीटर’ हे पिढीचे नाव आहे, माप नव्हे; अशा चिपवर एका गेटपासून पुढच्या गेटपर्यंत सुमारे ४५ ते ५० नॅनोमीटर असतात. ही फारकत बहुधा १९९० च्या दशकाअखेरीस सुरू झाली.

सर्वांत बारीक थर १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार प्रकाशाने छापतात. त्याची यंत्रे व्यापारी प्रमाणावर नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी पुरवते. सेकंदाला सुमारे ५०,००० कथिलाच्या थेंबांवर लेसर मारून हा प्रकाश मिळवतात. काच व हवा तो शोषून घेतात, म्हणून निर्वात आणि आरसे लागतात. प्रत्येक आरसा जवळपास तीस टक्के प्रकाश गिळतो. फोटॉन (प्रकाशकण) कमी पडले की कुठे छिद्र उघडतच नाही, कुठे शेजारच्या रेषा चिकटतात. प्रकाशाची मात्रा वाढवावी तर उत्पादनाचा वेग घटतो.

सिलिकॉन स्फटिकाचा एकक कोष (अणुरचनेचा पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा) ०.५४ नॅनोमीटरचा असल्याने आडव्या लघुकरणाला थोडाच वाव उरला आहे. चिपवरील स्मृतिकोषांचे आकुंचन आताच मंदावले आहे. दोन प्रकारचे ट्रान्झिस्टर एकमेकांवर रचणे, वीजपुरवठ्याच्या तारा चकतीच्या मागून नेणे, छोट्या चिपा एका आवरणात जोडणे या पुढच्या वाटा होत. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका रेणूइतक्या पातळ थराचे ट्रान्झिस्टर प्रयोगशाळेत बनले आहेत. धातूच्या जोडाशी येणारा मोठा रोध ही त्यांची मुख्य अडचण आहे.