झेंडा उलटून पाहा
(तिरंगा घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

पाकिटातून झेंडा काढलात की आधी तो उलटा करून मागची बाजू बघा. चक्र तिकडेही तेवढंच गडद आणि त्याच जागी दिसलं पाहिजे. एका बाजूने ठसठशीत आणि मागून फिकट असा झेंडा स्वस्तात मिळतो, पण आम्ही तो ठेवत नाही. ध्वजसंहितेला, म्हणजे झेंड्याबद्दलच्या सरकारी नियमांना, चक्र दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसायला हवं आहे. खरं म्हणजे तिरंग्यावर चक्र आलं त्यामागेही ही मागची बाजूच आहे.

१९०७ साली जर्मनीत स्टुटगार्टला मादाम कामांनी जो झेंडा फडकवला, त्याच्या मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’ लिहिलं होतं. तो झेंडा पुढे पुण्यात आला आणि केसरीवाड्यात जपला गेला. कापडावरची अक्षरं मागून वाचायला गेलं की उलटी दिसतात. पुढच्या झेंड्यांवर अक्षरं उरली नाहीत, पण चरखा आला आणि अडचण तीच राहिली.

चरखा आला १९२१ मध्ये. बेझवाड्याच्या, म्हणजे आजच्या विजयवाड्याच्या बैठकीत पिंगली वेंकय्यांनी लाल-हिरवा नमुना गांधीजींना दाखवला. लाला हंसराजांनी त्यावर चरखा सुचवला, गांधीजींनी पांढरा पट्टा घालायला सांगितलं. याच चरख्याच्या झेंड्यासाठी १९२३ मध्ये नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला आणि लोक तुरुंगात गेले. १९३१ मध्ये केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम ठरला आणि रंगांना धर्माचा अर्थ नाही, असं तेव्हाच स्पष्ट करण्यात आलं. दुकानात आजही कोणीतरी विचारतं, “कोणता रंग कोणाचा?” उत्तर तेच, कोणाचाच नाही किंवा सगळ्यांचा.

२२ जुलै १९४७ ला नेहरूंनी संविधान सभेत ध्वजाचा ठराव मांडला, तेव्हा चरख्याबद्दलची अडचण त्यांनी सांगितली. चरख्याच्या एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला चाती, म्हणजे सूत गुंडाळायची सळई. झेंड्याच्या दुसऱ्या बाजूने बघणाऱ्याला तो उलटा दिसणार. म्हणून त्यातलं चाक ठेवलं आणि त्याला सारनाथच्या अशोकस्तंभावरच्या चक्राचं रूप दिलं. आरे २४, रंग गडद निळा. चाक कुठूनही बघा, चाकच दिसतं. राधाकृष्णन यांनी त्याच सभेत केशरीत त्याग, पांढऱ्यात सत्याचा प्रकाश, हिरव्यात मातीशी नातं आणि चक्रात धर्माची गती पाहिली. आमच्या मते यात सगळ्यात सुंदर चक्राचाच अर्थ आहे, कारण थांबलेलं चाक काही कामाचं नाही.

आता मापं. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२. ठरलेली मापं नऊ आहेत, ६३०० × ४२०० मिलिमीटरपासून टेबलावरच्या १५० × १०० पर्यंत. सोसायटीच्या खांबाला बहुतेक वेळा ९०० × ६०० किंवा १३५० × ९०० पुरतं. खांबाची उंची आधी सांगा, मग माप ठरवू. कापडाबाबत सांगायचं तर ध्वजसंहितेच्या ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर यंत्रावर विणलेलं कापड आणि पॉलिएस्टरही चालतं. पावसात खादी पाणी धरून जड होते, पॉलिएस्टर लवकर वाळतं. पण डौल म्हणाल तर खादीचा.

मंडळाचं, दुकानाचं नाव झेंड्यावर छापून द्या, असं कृपया सांगू नका. झेंड्यावर काहीही लिहायला मनाई आहे आणि त्या कामाला आम्ही नाहीच म्हणतो.

चढवण्याआधी दोरीची वरची गाठ केशरी पट्ट्याकडेच आहे ना, हे एकाऐवजी दोघांनी तपासा. १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढतो. २६ जानेवारीला तो घडी करून आधीच वर बांधलेला असतो आणि दोरी ओढून उलगडतात, तेव्हा गाठ एका झटक्यात सुटणारी हवी. घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही. भिंतीवर उभा लावायचा असेल तर केशरी पट्टा समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला. जुलै २०२२ पासून सामान्य नागरिकाला झेंडा रात्रीही फडकता ठेवता येतो. गाडीवर मात्र तो ठरावीक पदाधिकाऱ्यांनाच लावता येतो, त्यामुळे “गाडीसाठी छोटा द्या” म्हणणाऱ्यांना आम्ही हे आधीच सांगतो.

उतरवल्यावर केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा. मग पांढरा पट्टा दोन्हीकडून आत घ्या, चक्र आणि शेजारचा थोडासा केशरी-हिरवा तेवढा दिसू द्या. ओला असेल तर आधी सावलीत वाळवा.

फाटलेला, विटलेला झेंडा पुसायला वापरू नका, कचऱ्यातही टाकू नका. तो अख्खाच, एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून नष्ट करायचा असतो. फ्लॅटमध्ये ते जमत नसेल तर घडी करून आमच्याकडे आणून द्या. आमच्याकडून घेतलेला नसला तरी चालेल.