व्हिप्लॅशनंतरची डोकेदुखी आणि फिजिओचे उपचार

मागून गाडीने ठोकलं की मानेला मागे-पुढे जोरात हिसका बसतो, तो व्हिप्लॅश. त्यानंतर मान तर दुखतेच पण डोकंही धरतं, बहुतेकदा मानेच्या वरच्या टोकाला सुरू होऊन कपाळापर्यंत नाहीतर एका डोळ्यामागे. डोक्याला मार न लागताही असं होतं, कारण वरच्या तीन मानेच्या नसा आणि चेहऱ्याची नस आत जाऊन एकाच ठिकाणी मिळतात आणि दुखणं नक्की कुठलं हा मेंदूचा घोळ होतो. डोकेदुखी 7 दिवसांच्या आत सुरू झाली तरच ती व्हिप्लॅशची धरतात, 3 महिन्यांपुढे टिकली तर जुनाट.

फिजिओकडे गेलं की साधारण दोन वाटा: एकतर तो हाताने वरचे सांधे हलवून मोकळे करतो, नाहीतर व्यायाम देतो. हाताच्या उपचाराने बरं लवकर वाटतं म्हणून लोकांना तोच आवडतो. व्यायाम मात्र दिसायला अगदीच फुसका, उताणं झोपून हनुवटी हळूच खाली घ्यायची, 'हो' म्हणताना मान हलते तेवढीच, 10 सेकंद धरायचं, असं 10 वेळा, आणि गळ्याच्या बाजूचे जाड स्नायू ताठले तर चुकलंच समजा. मानेखाली 20 ते 30 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाची (बीपी मोजतात तेच माप) छोटी हवेची पिशवी ठेवून हे मोजतातसुद्धा.

ऑस्ट्रेलियात 2002 साली फिजिओ संशोधक ग्वेन जल यांच्या टीमने मानेतून येणाऱ्या डोकेदुखीच्या 200 लोकांवर दोन्ही ताडून पाहिलं (सगळे व्हिप्लॅशवाले नव्हते हे लक्षात ठेवा), 6 आठवडे उपचार आणि वर्षभराने तपासणी. दोन्हींचा फायदा झाला आणि टिकला, पण दोन्ही एकत्र दिल्याने म्हणावा तसा जास्त फरक पडला नाही. पुढे 2014 मध्ये तिथेच जुन्या व्हिप्लॅशच्या 172 जणांवर 20 सेशनचा व्यायाम आणि अर्ध्या तासाचा सल्ला अशी तुलना झाली, तर दुखण्यात दोघांत फरक नाही! म्हणजे मोठं पॅकेज विकणाऱ्याला आधी चार प्रश्न विचारावेत. शेक, मशीन वगैरेने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मेडिकलमधून आणलेला पट्टा घालून आठवडेच्या आठवडे मान गप्प ठेवणं मात्र नकोच, फ्रॅक्चर नसेल तर मान हलती ठेवलेली बरी.

मान वळवताना चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ अडखळणं, हातात मुंग्या असलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग फिजिओ, आणि कटकन मान मोडून देणाऱ्याकडे तर अजिबात जाऊ नये.