मोठं सरकार म्हणजे जास्त सरकारी नोकर का?

अमेरिकेत निवडणूक आली की 'सरकार फार फुगलंय' हे वाक्य ठरलेलंच. कुणी खर्चाचा आकडा फेकतं, कुणी नोकरांचा, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. प्रत्यक्षात गेल्या पन्नास-साठ वर्षांत या दोन आकड्यांनी एकमेकांशी फारकत घेतली आहे.

टपाल खातं वगळलं तर केंद्राचे नागरी नोकर १९६० च्या दशकाअखेर २० लाखांच्या थोडे वर होते. २०२४ मध्येही जवळपास तेवढेच. मधल्या काळात लोकसंख्या २० कोटींवरून ३४ कोटींवर गेली. खर्चाने मात्र २०२४ या आर्थिक वर्षात पावणेसात लाख कोटी डॉलर गाठले, म्हणजे जीडीपीच्या २३ टक्क्यांच्या आसपास.

हे जमतं कसं? सोशल सिक्युरिटी बघा. वर्षाला जवळजवळ दीड लाख कोटी डॉलर पेन्शन वाटणारी ही योजना चालवायला ६० हजारांहून कमी माणसं पुरतात. कारभाराचा खर्च एकूण रकमेच्या अर्ध्या टक्क्याइतकाच. मेडिकेअर (म्हाताऱ्यांसाठीची आरोग्य योजना), मेडिकेड (गरिबांसाठीची) आणि कर्जावरचं व्याज यांचंही तसंच: पैसा प्रचंड, हात थोडे. पोस्टमन कमी केले म्हणून मनीऑर्डरची रक्कम घटत नाही. केंद्राच्या सगळ्या नागरी नोकरांचे पगार-भत्ते एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांच्याही आत बसतात, आणि त्यातले निम्म्याहून जास्त नोकर संरक्षण, माजी सैनिक आणि अंतर्गत सुरक्षा या तीन खात्यांत आहेत.

मग सरकारी नोकर नेमके आहेत कुठे? राज्यांत आणि गावोगावच्या कारभारात, सुमारे २ कोटी. त्यातही मोठा वाटा शिक्षणाचा. शाळेतल्या शिक्षिकेचा पगार देतो तिथला स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, मुख्यतः मालमत्ता कर आणि राज्याच्या अनुदानातून. वॉशिंग्टनमध्ये कितीही कुऱ्हाड चालली तरी तिची नोकरी राष्ट्राध्यक्षाच्या हातात नाही.

राजकीय सुधारणा मात्र बहुतेक वेळा डोकी मोजण्यावरच येतात. क्लिंटन यांच्या काळात १९९४ च्या कायद्याने २,७२,९०० पदं कमी करायचं ठरलं. पदं गेली, पण मोठा हिस्सा शीतयुद्ध संपल्यामुळे आक्रसणाऱ्या संरक्षण खात्यातला होता, आणि बरीचशी कामं कंत्राटदारांकडे होतीच. कंत्राटी माणूस सरकारी पगारपत्रकात दिसत नाही, बिल मात्र सरकारच भरतं. नोकरसंख्येवर मर्यादा घालणाऱ्या नेत्यांना ही पळवाट सोयीचीच, असं माझं मत.

२०२५ मध्ये उद्योगपती एलॉन मस्क यांच्या 'डोज'ने, म्हणजे सरकारी खर्च कापायला नेमलेल्या गटाने, पुन्हा तेच केलं. वर्षभरात २ लाखांहून जास्त नोकर कमी झाले. त्याच आर्थिक वर्षात खर्च वाढून ७ लाख कोटी डॉलरवर गेला. राजीनामा देणाऱ्या अनेकांचा पगार सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे ते आर्थिक वर्ष संपेपर्यंत, चालू होता, हे खरं. पण माणशी सव्वा लाख डॉलर धरून सगळी बचत मोजली तरी ती अडीच हजार कोटींच्या आसपास भरते. ७ लाख कोटींच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. कर खात्यातली कपात तर उलटी अंगावर येऊ शकते, कारण तिथला तपासनीस स्वतःच्या पगारापेक्षा कितीतरी जास्त वसूल करून आणतो.

खर्च खरोखर कमी करायचा तर म्हाताऱ्यांच्या पेन्शन आणि वैद्यकीय योजनांना हात घालावा लागतो, आणि मतदानाला न चुकता येणारा म्हातारा मतदार बघून दोन्ही पक्ष तिथे गप्प बसतात.

आपल्याकडच्या अनेकांचा संबंध येतो तो एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि ग्रीन कार्डच्या फायली बघणाऱ्या खात्याशी. ते जवळपास पूर्णपणे अर्जदारांच्या फीवर चालतं. तिथली माणसं कमी केली तर करदात्याचे पैसे वाचत नाहीत, फायली तेवढ्या साचतात. ज्याला घाई आहे त्याची कंपनी एच-१बीच्या अर्जावर 'प्रीमियम प्रोसेसिंग'ची जादा फी भरते आणि कामकाजाच्या १५ दिवसांत उत्तर मिळवते.