पार्श्वभूमी : आरमारातून कारभारात

कोल्हापुरात रंकाळा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत निवृत्त फौजी लांबूनही ओळखू येतो. पाठ ताठ, बुटाच्या नाड्या घट्ट, आणि वेळ अशी की त्याच्यावर घड्याळ लावावं. त्यातलेच एक नौदलातून कमांडर म्हणून निवृत्त झालेले. घराच्या पाटीवर नावाआधी हुद्दा आणि नावामागं कंसात ‘निवृत्त’. मागच्या निवडणुकीच्या हंगामात चहाच्या गाडीवर कुणीतरी त्यांना म्हणालं, “साहेब, तुमच्यासारख्यांनी उभं राहायला पाहिजे.” ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. शेजारी पेठेतल्या एका तालमीचे जुने कार्यकर्ते बशीतून चहा घेत होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, “ऱ्हावा की. पण साहेब, तुमी कुठल्या गटाचं?”

कमांडर म्हणाले, “गट कसला? मी सगळी वर्षं मुंबई, कोची नाहीतर विशाखापट्टण.”

“मग अवघड हाय,” कार्यकर्ते म्हणाले आणि बशी पुन्हा तोंडाला लावली.

नौदलातला अधिकारी राजकारणात येतोय, मंत्री होतोय, कुठंतरी राज्यपाल होतोय अशी बातमी आली की आपल्याकडं दोनच सूर निघतात. एक म्हणतो, आता शिस्त येणार. दुसरा म्हणतो, यांना राजकारण काय कळतंय? दोघांनाही मागचा इतिहास ठाऊक नसतो. समुद्रावरून खुर्चीपर्यंतच्या वाटा दोन. एक निवडून येण्याची, दुसरी नेमलं जाण्याची. आपल्या देशात नौदलातले बहुतेक जण दुसरीनं गेले. असं का झालं, हे समजून घ्यायला कोल्हापूर बरं पडतं. या गावाला आज समुद्र नाही, पण एकेकाळी होता. आणि आरमारातल्या माणसाचं राजकारण किती जड पडू शकतं, याचा अनुभव कोल्हापूरच्या गादीनं अगदी सुरुवातीलाच घेतला आहे.

कान्होजी आंग्रे हे ते नाव. सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाराम महाराजांच्या काळात ते आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, झाले. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि स्वराज्यात दोन बाजू पडल्या. ताराराणींनी पन्हाळ्यावरून स्वतंत्र गादी चालवली, त्यातूनच पुढं कोल्हापूरचं राज्य उभं राहिलं. कान्होजी ताराराणींच्या बाजूला होते. किनारा त्यांच्या हातात, गलबतं त्यांची, मुंबईकर इंग्रजांशी झुंज त्यांचीच. १७१३ मध्ये शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर धाडलं. कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं, लोहगड घेतला, आणि आता सातारा गाठतात की काय अशी वेळ आली.

तेव्हा शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पुढं केलं. बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे, कोकणातले, कान्होजींच्या ओळखीतले. नोव्हेंबर १७१३ मध्ये त्यांना पेशवेपद मिळालं आणि लोणावळ्याच्या बाजूला दोघांची बोलणी झाली. लढाई न होताच कान्होजी शाहूंकडं आले. सरखेलपद कायम राहिलं, कोकणातले किल्ले पदरात पडले, बहिरोपंतांची सुटका झाली. पुढच्याच वर्षी पन्हाळ्यावर घरातच उलथापालथ झाली. ताराराणी आणि त्यांचे चिरंजीव नजरकैदेत गेले, राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांचे पुत्र संभाजी गादीवर बसले. एका आरमारी सरदारानं बाजू बदलली म्हणूनच हे घडलं, असं मी म्हणणार नाही. पण पारडं साताऱ्याकडं झुकवण्यात त्या निर्णयाचा वाटा मोठा होता. आजच्या भाषेत, कान्होजींनी पक्षांतर केलं आणि सरकार टिकलं. (कोल्हापुरात हा विषय अजूनही जरा माणूस बघून काढावा लागतो.)

कान्होजींना मत मागावं लागलं नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. जहाजं, किल्ले आणि जकात हाच त्यांचा मतदारसंघ. आरमार सांभाळणाऱ्याला मुलूखही सांभाळावा लागे. सेनापती वेगळा आणि कारभारी वेगळा, ही वाटणी तेव्हा नव्हतीच.

कोल्हापूरच्या गादीकडं मालवण होतं, सिंधुदुर्ग होता. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव दिलं. कोल्हापूरच्या महाराणी जिजाबाईंच्या काळात, १७६६ मध्ये, भरपाई देऊन तो परत मिळवला गेला. इंग्रजांच्या कागदांत मालवणची गलबतं म्हणजे चाचे. आपल्या कागदांत तेच आरमार. शेवटी १ ऑक्टोबर १८१२ च्या तहानं कोल्हापूरकरांनी मालवण बंदर, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट इंग्रजांना दिले. त्या दिवसापासून कोल्हापूरचा समुद्र संपला. त्यातल्याच राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनाच्या दिवशी, शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. पुढं महिनोन्‌महिने राजकारण कसं तापलं ते सगळ्यांनी पाहिलं. नौदल राजकारणापासून कितीही लांब राहो, राजकारण त्याच्या दारात येतंच.

समुद्र गेल्यावर इथल्या पोरांना फौज म्हणजे पायदळ. राजाराम रायफल्स ही संस्थानची पलटण, शेजारच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्री, शिरोळ तालुक्यात गावाच्या नावातच ‘सैनिक’ असलेलं सैनिक टाकळी. नौदलात जाणारा त्या मानानं विरळा. म्हणून इथं फौजी माणूस सरकारी खुर्चीवर बसल्याचं मोठं उदाहरण निघतं ते लष्करातलं : लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, मूळचे वडगावचे. चीनचा धोका ओळखून ईशान्य सीमेच्या बचावाची योजना त्यांनी १९५९ मध्येच मांडली होती, पूर्व विभागाचे सेनापती म्हणून. ती बाजूला ठेवली गेली. १९६२ मध्ये काय झालं ते सांगायला नको. निवृत्तीनंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. आयोगाची खुर्ची ही नेमणुकीची, तिथं मतपेटी नसते.

आता नौदलाकडं. स्वातंत्र्याच्या आधी दीड वर्ष, १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’ या तळावर खलाशांनी काम बंद केलं. निकृष्ट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्याची शिवीगाळ, पगारातला भेदभाव या तक्रारींपासून सुरुवात झाली आणि काही दिवसांतच जहाजांवर काँग्रेस, मुस्लीम लीग आणि कम्युनिस्टांचे झेंडे एकत्र चढले. मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून अधिक माणसं गोळीबारात गेली. वल्लभभाई पटेल आणि जिना, दोघांनीही खलाशांना शरण जायला सांगितलं. उद्या ज्यांच्या हाती राज्य येणार होतं, त्यांना वर्दीतलं राजकारण नको होतं, मग ते आपल्याच बाजूचं का असेना. बंडात नोकरी गेलेल्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलानं परत घेतलं नाही. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळाली ती बऱ्याच वर्षांनी.

१९५७ च्या नौदल कायद्यात हीच भीती कलम होऊन बसली. कलम १९ प्रमाणं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नौसैनिकाला राजकीय संघटनेचं सभासद होता येत नाही, राजकीय हेतूच्या सभेत भाग घेता येत नाही. शिवाय सरकारी पगार घेणारा निवडणूक लढवू शकत नाही, ते लाभाचं पद ठरतं. पेन्शनला ही अडचण नाही. म्हणजे गणवेश उतरवला की दुसऱ्या दिवशी अर्ज भरता येतो. निवृत्तीनंतर खासगी कंपनीत नोकरी धरायची तर ठरावीक मुदतीत सरकारची परवानगी लागते, पक्षात जायचं तर लागत नाही. हा उफराटा न्याय आहे असं मला वाटतं. तोफांच्या कंपनीत जायला चाळणी आणि तोफांचं बजेट ठरवणाऱ्या सभागृहात जायला मोकळं दार.

दार मोकळं असूनही त्यातून गेले किती? नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख रामदास कटारी, १९५८ ते ६२. पुढं ते ब्रह्मदेशात राजदूत झाले. अ‍ॅडमिरल आर. एच. टहिलियानी १९९० मध्ये सिक्कीमचे राज्यपाल. अ‍ॅडमिरल निर्मल वर्मा कॅनडात उच्चायुक्त. २०२२ मध्ये राष्ट्रीय सागरी सुरक्षा समन्वयक हे नवं पद तयार झालं, त्यावर पहिली नेमणूक माजी उपप्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल जी. अशोक कुमार यांची. या यादीत कुणाच्याच अंगावर गुलाल नाही.

यातली सगळ्यात विचार करायला लावणारी नेमणूक अ‍ॅडमिरल डी. के. जोशींची. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट होऊन १८ नौसैनिक गेले. २६ फेब्रुवारी २०१४ ला ‘सिंधुरत्न’मध्ये धूर होऊन दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी जोशींनी नैतिक जबाबदारी घेत नौदलप्रमुखपदाचा राजीनामा दिला आणि सरकारनं तो लगेच मंजूर केला. साडेतीन वर्षांनी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, दुसऱ्या सरकारनं त्यांना अंदमान-निकोबारचे नायब राज्यपाल केलं. ही शोभेची खुर्ची नव्हे. तिथं विधानसभा नाही, सगळा कारभार नायब राज्यपालाच्या नावानं चालतो. बेटांचा मुलूख, भोवती समुद्र, एका माणसाच्या हाती कारभार. सरखेलपदाच्या सगळ्यात जवळ जाणारं आजचं पद हेच असावं.

राजकारणात स्वतः न जाताही त्याला हादरा देणारे दुसरे प्रमुख म्हणजे अ‍ॅडमिरल विष्णू भागवत. उपप्रमुखाच्या नेमणुकीवरून सरकारशी वाद झाला आणि ३० डिसेंबर १९९८ ला त्यांना बडतर्फ केलं गेलं. सेनादलाच्या प्रमुखाला असं काढण्याची स्वतंत्र भारतातली ती पहिली वेळ. संरक्षणमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. हा वाद जयललितांनी उचलला. भागवतांना परत घ्या, फर्नांडिसांना संरक्षण खात्यातून हलवा, असा धोशा लावला आणि शेवटी पाठिंबा काढला. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं. ते एका अ‍ॅडमिरलमुळं पडलं असं म्हणणं बाळबोध ठरेल, जयललितांची गणितं वेगळीही होती. पण निमित्त पांढऱ्या वर्दीचं होतं.

पक्षाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं ते अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांनी. १९९३ मध्ये निवृत्त होऊन ते अलिबागजवळ शेती करत राहिले, भारत-पाक शांततेसाठी झटले, २००४ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम आदमी पक्षाचे ते अंतर्गत लोकपाल होते. मार्च २०१५ मध्ये पक्षातली भांडणं चव्हाट्यावर आली, तेव्हा त्यांना त्या पदावरून बाजूला केलं गेलं. पक्षाला लोकपाल हवा असतो, पण त्यानं लोकपालासारखं वागलेलं चालत नाही.

परदेशात मात्र पाणबुडीतून थेट राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस आहे, असं कुणी म्हणेल. जिमी कार्टर. पण ‘थेट’ हा शब्द चुकीचा. वडील वारले म्हणून १९५३ मध्ये कार्टर ऐन तिशीच्या आत नौदल सोडून जॉर्जियातल्या प्लेन्स या गावी परतले. भुईमुगाचं गोदाम चालवलं, शाळा मंडळावर गेले. १९६२ मध्ये राज्याच्या सिनेटला उभे राहिले, तेव्हा एका केंद्रावर मतपेटीत घोळ झाला. मयतांच्या नावानंही मतं पडल्याचं निघालं. कोर्टात झगडून ती जागा त्यांनी मिळवली. १९६६ मध्ये गव्हर्नरपदाला हरले, १९७० मध्ये जिंकले, १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक मारली. नौदल सोडल्यापासून तेवीस वर्षं. त्याच काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेले जेम्स कॅलहॅन हेही दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. पण त्याआधी ते कर खात्यातल्या कर्मचाऱ्यांची संघटना बांधत होते. म्हणजे दोघांच्याही आयुष्यात नौदल हा तरुणपणाचा एक टप्पा. कार्टर यांनी जे केलं त्याला, म्हणजे वर्षानुवर्षं माणसं जोडत जाण्याला, आमच्याकडं जोडण्या लावणं म्हणतात. प्लेन्स काय, कोल्हापूरजवळचं कागल काय, त्याला पर्याय नाही.

आपला अधिकारी घरी येतो तो पन्नाशी उलटल्यावर. तोवर गावाशी त्याचं नातं सुट्टीतलं. मतदार यादीत तो ‘सेवा मतदार’, मत पोस्टानं. आता मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं त्याच्यापर्यंत जाते, तरी परत यायची ती टपालानंच. गावातल्या केंद्रावर रांगेत तो कुणाला दिसत नाही. ज्या वर्षांत त्याच्या वर्गातला दुसरा पोरगा सेवा सोसायटीचा संचालक झाला, मयताला खांदा दिला, कुणाच्या पोरीच्या लग्नात पंगतीला वाढलं, दवाखान्यात रात्र काढली, त्या वर्षांत हा अरबी समुद्रात होता. जातीचं, पैशाचं राजकारण आहेच. पण त्याच्याही आधी ही गैरहजेरी नडते. नेमणारा अधिकारी सेवापुस्तक बघतो, मतदार लग्नाचं आमंत्रण बघतो.

हुद्द्याचं भांडवल तरी करता येईल का? तिथंही फार वाव नाही. सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका, असं निवडणूक आयोगानं २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये पक्षांना बजावलं. एप्रिल २०१९ मध्ये सेनादलांचा राजकारणासाठी वापर थांबवा, असं पत्र माजी सैनिकांनी राष्ट्रपतींना लिहिलं. त्याच्या यादीत रामदास, भागवत, अरुण प्रकाश, सुरीश मेहता अशी नौदलाच्या माजी प्रमुखांची नावं ठळक होती. यादीतल्या इतर काही जणांनी आपण सही केली नाही असंही नंतर सांगितलं. या पत्रात नौदल इतकं पुढं का, याचं उत्तर १९४६ आणि १९९८ मध्ये सापडतं, असं मला वाटतं.

रंकाळ्यावरचे कमांडर अजून फिरायला येतात. परवा त्यांनी तालमीच्या त्या कार्यकर्त्यांना गाठून विचारलं, “दूध संघाच्या निवडणुकीत ठराव ठराव म्हणतात, ते नेमकं काय असतं?” कार्यकर्त्यांनी वर बघितलं. मग चहावाल्याकडून वर्तमानपत्राचा तुकडा मागून घेतला, कमांडरांच्या खिशातलं पेन काढलं आणि लिहायला लागले. वर संघ, खाली तालुके, त्याखाली गावोगावच्या दूध संस्था. एकेका संस्थेचा एकेक ठराव, ज्याच्या नावानं ठराव तो मतदार. कमांडर चष्मा लावून बघत होते. तेवढ्यात चहा निवला.