प्रलंबित विनंती रद्द करणे (वेब प्रोग्रॅमिंग)

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टने सर्व्हरकडे पाठवलेली, पण उत्तर पूर्ण न आलेली विनंती मध्येच सोडून देण्याची पद्धत. वापरकर्ता दुसऱ्या पानावर गेला किंवा ठरवलेली मुदत उलटली, की त्या उत्तराचा उपयोग उरत नाही.

डेटाची बचत होते हा फायदा आहेच, पण खरे दुखणे उत्तरांच्या क्रमाचे. शोधपेटीत ‘सो’ टाइप होताच एक विनंती जाते, ‘सोलापूर’ पूर्ण झाल्यावर दुसरी. पहिलीचे उत्तर रेंगाळून नंतर पोचले, तर पेटीत सोलापूर आणि खाली सोनई, सोयगाव अशी यादी उमटते. ऑफिसच्या वेगवान वायफायवर हा दोष सहसा दिसत नाही. मोबाइलच्या डळमळीत रेंजमध्ये लगेच दिसतो. डिबाउन्स (टाइप करणे क्षणभर थांबल्यावरच विनंती पाठवणे) लावल्याने विनंत्या कमी होतात, क्रमाची हमी मात्र मिळत नाही.

एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट या विनंती पाठवण्याच्या जुन्या साधनात यासाठी अबॉर्ट ही मेथड होती. 2015 मध्ये ब्राउझरांत आलेले फेच हे नवे साधन प्रॉमिसवर, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तराची जागा धरणाऱ्या वस्तूवर, उभे होते आणि प्रॉमिसला रद्द करण्याची सोयच नव्हती. एकाच प्रॉमिसची वाट अनेक जण पाहत असतील तर ते मोडण्याचा हक्क कोणाचा, हा पेच होता. जावास्क्रिप्टचे मानक ठरवणाऱ्या टीसी-39 समितीपुढचा रद्द करता येणाऱ्या प्रॉमिसचा प्रस्ताव 2016 मध्ये मागे घेण्यात आला. मग डॉम मानकात (पानाची रचना जावास्क्रिप्टपुढे मांडणारे मानक) अबॉर्टकंट्रोलर आला. तो फायरफॉक्स 57 मध्ये 2017 साली, तर क्रोम 66 मध्ये 2018 साली मिळू लागला.

यात हक्काची वाटणी चोख आहे. कंट्रोलर ज्याच्या हातात, तोच रद्द करणार; फेचला दिलेला त्याचा सिग्नल रद्द झाल्याची खबर फक्त पोचवतो. अबॉर्ट होताच प्रॉमिस ‘अबॉर्टएरर’ देऊन नाकारले जाते. हेडर (उत्तराच्या सुरुवातीची माहिती) येऊन गेले आणि मजकूर अजून उतरत असला, तरी वाचन थांबते. आपणच रद्द केलेल्या विनंतीसाठी ‘काहीतरी चुकले’ अशी लाल पट्टी दाखवणे हा नेहमीचा गलथानपणा. कॅचमध्ये (एरर हाताळणाऱ्या भागात) एररचे नाव तपासले की तो टळतो. एकदा अबॉर्ट झालेला सिग्नल पुन्हा वापरता येत नाही, म्हणून शोधपेटीत दर विनंतीला नवा कंट्रोलर लागतो. मुदतीसाठी अबॉर्टसिग्नलची टाइमआउट मेथड आहे. ती ‘टाइमआउटएरर’ देते, त्यामुळे मुदत संपली की माणसाने थांबवले हे वेगळे कळते.

रद्द करणे म्हणजे झालेले काम उलटवणे नव्हे. एचटीटीपी/2 या वेबच्या संदेशवहन पद्धतीत ब्राउझर त्या विनंतीचा प्रवाह तेवढा बंद करतो, त्याच जोडणीवरच्या बाकीच्या विनंत्या चालू राहतात. तोवर सर्व्हरने डेटाबेसमध्ये नोंद केलेली असू शकते. म्हणून ऑर्डर किंवा पेमेंटच्या विनंतीला अबॉर्ट पुरत नाही. तिथे प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र की (ओळखीचा संकेत) देतात आणि तीच की पुन्हा आली तर सर्व्हर दुसऱ्यांदा पैसे कापत नाही.