फायब्रोस्कॅन ४० किलोपास्कल: सिरॉसिस की अमायलॉइड?

फायब्रोस्कॅनवर ४० किलोपास्कल आले की रिपोर्टवर बहुधा ‘सिरॉसिस’ असा शेरा पडतो. पण हे यंत्र फक्त यकृताचा कडकपणा किलोपास्कल या एककात मोजते, त्याचे कारण सांगत नाही. सिरॉसिसमध्ये यकृत व्रणतंतूंनी कडक होते. अमायलॉइडमध्ये (म्हणजे अमायलॉइडोसिस या आजारात) यकृतपेशी आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या यांच्यामधल्या फटीत प्रथिनाचे धागे साचून ते कडक होते, आणि आकडा यंत्राच्या ७५ या कमाल मर्यादेपर्यंतही जाऊ शकतो.

सोनोग्राफीत मुरलेल्या सिरॉसिसचे यकृत बहुधा आक्रसलेले, खडबडीत पृष्ठभागाचे दिसते. अमायलॉइडचे यकृत मोठे आणि गुळगुळीत असते. एएल अमायलॉइडोसिस (‘लाइट चेन’ या प्रतिपिंडाच्या तुकड्यांपासून होणारा प्रकार) सिद्ध झाल्यावर यकृतबाधेचा निकष असा: हृदय निकामी नसताना यकृताची लांबी १५ सेंटिमीटरहून जास्त, किंवा अल्कलाइन फॉस्फटेज (रक्तात मोजले जाणारे एक एन्झाइम) सामान्य पातळीच्या वरच्या मर्यादेच्या दीडपटीहून जास्त. हृदयाची अट विसरू नये. अमायलॉइडने हृदय थकले की रक्त तुंबूनही यकृत मोठे आणि कडक होते. म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी) सोबतच करावेत.

रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी (पित्तमार्गाशी निगडित एन्झाइम) बरेच वाढलेले, पण एसजीओटी-एसजीपीटी (यकृतपेशींमधली एन्झाइम) जेमतेम वाढलेले, हे चित्र अमायलॉइडकडे बोट दाखवते. बिलिरुबिन बहुधा उशिरा वाढते, आणि ते वाढणे वाईट लक्षण. आमच्या मते सर्वांत बोलका आकडा प्लेटलेटचा. एवढ्या कडक सिरॉसिसमध्ये प्लीहा वाढून प्लेटलेट सहसा घटतात. ४० किलोपास्कल आणि प्लेटलेट अडीच लाख, हे गणित जुळत नाही. अल्ब्युमिन मात्र फसवे. सिरॉसिसमध्ये ते तयारच कमी होते, अमायलॉइडमध्ये अनेकदा लघवीवाटे जाते, म्हणून २४ तासांच्या लघवीतील प्रथिन मोजावे. आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) हाही फसवतो, कारण एएलमध्ये रक्त गोठवणारा दहावा घटक कमी झाल्यानेही तो वाढू शकतो.

संशय आला की फ्री लाइट चेन (रक्तातल्या सुट्या लाइट चेनची मोजणी), तसेच रक्त आणि लघवी दोन्हींचे इम्युनोफिक्सेशन (एकाच साच्याचे असामान्य प्रतिपिंड शोधणारी चाचणी) अशा तिन्ही चाचण्या एकत्र कराव्यात. क्षयासारखा जुना दाह असेल तर एए हा दाहातून होणारा प्रकारही डोक्यात हवा. नमुना आधी पोटाच्या चरबीतून आणि अस्थिमज्जेतून घ्यावा. तिथे काही सापडले नाही म्हणून अमायलॉइड नाही, असे ठरत नाही. यकृताचाच तुकडा लागला, तर रक्तस्रावाच्या धोक्यामुळे तो मानेच्या शिरेतून काढणे बरे. पॅथॉलॉजिस्टला ‘काँगो रेड (अमायलॉइड ओळखणारा खास रंग) करा’ असे लिहूनच द्यावे. नेहमीच्या रंगकामात अमायलॉइडचा गुलाबी थर व्रणतंतू समजून सुटू शकतो.